महापालिकेच्या रुग्णालयात उपचार घेताना: मुंबईकरांसाठी केसपेपरपासून डिस्चार्जपर्यंत

मुंबईत महापालिकेच्या डॉक्टरला दाखवायला विम्याचे कार्ड लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, कुणा नगरसेवकाची चिठ्ठीही लागत नाही. सार्वजनिक रुग्णालये आणि दवाखाने चालवणे हे १८८८च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे. झोपडीत राहणारा, टॉवरमध्ये राहणारा, काल गावाहून आलेला, प्रत्येकासाठी दार उघडे आहे. अडचण येते ती पुढे. कोणत्या दाराने शिरायचे, कोणत्या वारी जायचे आणि कोणता कागद जपायचा हे कुणी सांगत नाही, आणि त्यात रुग्णाचे दिवसच्या दिवस जातात. ही माहिती त्यासाठीच आहे.

आधी दार ठरवा

पालिकेची आरोग्यव्यवस्था पायऱ्यापायऱ्यांची आहे. सगळ्यात खाली हेल्थ पोस्ट (वस्तीतली छोटी आरोग्य केंद्रे) आणि दवाखाने, त्यावर प्रसूतिगृहे आणि उपनगरीय रुग्णालये, आणि सर्वात वर वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये: परळचे केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचे नायर आणि विलेपार्ल्याचे कूपर. साधा ताप, खोकला, जुलाब, खरूज, रक्तदाब किंवा साखरेची गोळी यासाठी केईएमच्या ओपीडीत उभे राहिलात तर अर्धा दिवस जातो आणि शेवटी मिळते तीच गोळी, जी घराजवळच्या दवाखान्यात वीस मिनिटांत मिळाली असती.

जुने पालिका दवाखाने साधारण सकाळी ९ ते दुपारी ४ चालतात. नोव्हेंबर २०२२ पासून सुरू झालेले 'हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना' हे त्यातले नवे रूप. यातले बरेच दवाखाने दोन सत्रांत चालतात, सकाळी ७ ते २ आणि दुपारी ३ ते रात्री १०. कामावरून सुटून संध्याकाळी जाणाऱ्यांची यामुळे मोठी सोय झाली, कारण ओपीडीसाठी खाडा करणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडणे. सगळीकडे दोन्ही सत्रे नसतात, म्हणून एकदा दारावरचा फलक वाचून वेळ टिपून ठेवा. तपासणी, औषध आणि रक्ताच्या नेहमीच्या चाचण्या इथे मोफत होतात. रक्त दवाखान्यातच घेतात, नमुना प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल नंतर मिळतो. रक्त देताना मोबाइल नंबर नीट सांगा. एक आकडा चुकला की अहवाल तयार असूनही तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. काही दवाखान्यांना जोडून पॉलिक्लिनिक आहे. तिथे ठरलेल्या वारी स्त्रीरोग, बालरोग, त्वचा, डोळे, कान-नाक-घसा यांचे तज्ज्ञ बसतात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनाच विचारा, ते तुमच्या भागातले वार सांगतात.

हाड मोडणे, अपेंडिक्स, हर्निया, मुतखडा, गर्भाशयाचे दुखणे, बाळाला न्यूमोनिया अशा गोष्टींना उपनगरीय रुग्णालय पुरते: घाटकोपरचे राजावाडी, वांद्रे आणि कुर्ल्याची दोन भाभा रुग्णालये, सांताक्रूझचे व्ही. एन. देसाई, गोवंडी आणि कांदिवलीची शताब्दी, जोगेश्वरीचे ट्रॉमा केअर. मेंदू, हृदय, मूत्रपिंड, कर्करोगाचा संशय, लहान मुलांची गुंतागुंतीची शस्त्रक्रिया हे मोठ्या रुग्णालयांचे काम.

काही आजारांची दारे वेगळीच आहेत. साथीच्या आणि संसर्गजन्य आजारांसाठी सातरस्त्याजवळचे कस्तुरबा, क्षयरोगासाठी शिवडी, कुष्ठरोगासाठी वडाळ्याचे ॲक्वर्थ, कान-नाक-घशासाठी फोर्ट, डोळ्यांसाठी कामाठीपुरा, दातांसाठी नायर दंत रुग्णालय. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांसाठी बोरिवली पूर्वेला पालिकेचे स्वतंत्र केंद्र आहे. तिथे अस्थिमज्जा प्रत्यारोपणही होते. रक्त चढवायला वर्षानुवर्षे दर पंधरवड्याला फिरणाऱ्या आईबापांपैकी अनेकांना हे केंद्र माहीतच नसते, आणि याचे वाईट वाटते.

आणखी एक गोंधळ नेहमीचा. जे. जे., जी. टी., सेंट जॉर्जेस आणि कामा ही राज्य सरकारची रुग्णालये आहेत, पालिकेची नव्हेत. केईएमच्या शेजारचे टाटा कर्करोग रुग्णालय केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाखाली येते. एकीकडचा केसपेपर दुसरीकडे चालत नाही, नवा काढावा लागतो. जुने कागद मात्र सगळीकडे उपयोगी पडतात.

संदर्भचिठ्ठी घेतल्याशिवाय वर जाऊ नका

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी "मोठ्या हॉस्पिटलला दाखवा" असे तोंडी सांगितले तर तिथून तसेच उठू नका. केसपेपरवर लिहून मागा. त्या चिठ्ठीत चार गोष्टी हव्यात: काय संशय आहे, आजवर काय तपासले, कोणती औषधे किती दिवस दिली आणि कोणत्या विभागाकडे पाठवले. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. "सर्जरी" आणि "युरोलॉजी" या दोन वेगळ्या ओपीडी आहेत, वेगळ्या मजल्यावर, वेगळ्या वारी. मुतखड्याच्या रुग्णाने चिठ्ठीविना जनरल सर्जरीची रांग धरली तर दुपारी बाराला त्याला सांगतात की युरोलॉजीत जा, आणि तोवर तिथली नोंदणी बंद झालेली असते.

ओपीडीचा दिवस

मोठ्या रुग्णालयात प्रत्येक विभागाची एकापेक्षा जास्त पथके असतात. त्यांना युनिट म्हणतात. प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. पहिल्यांदा ज्या युनिटच्या दिवशी तुम्ही गेलात, तुम्ही त्यांचे रुग्ण. पुढची प्रत्येक भेट त्याच वारी. हे कुणी समजावून सांगत नाही, आणि सर्वात जास्त फेऱ्या याच कारणाने वाया जातात. सोमवारच्या युनिटचा रुग्ण सवड आहे म्हणून गुरुवारी गेला, तर गुरुवारचे डॉक्टर त्याला सोमवारी यायला सांगतात. शस्त्रक्रियेची तारीखही त्याच युनिटकडून मिळते. म्हणून पहिल्याच दिवशी केसपेपरवर तीन गोष्टी ठळक लिहून घ्या: विभाग, युनिट किंवा त्याच्या प्रमुखांचे नाव, आणि वार. तुमची सुट्टी ठरावीक वारीच असेल तर पहिली भेटच त्या वारी घ्या. पुढचे सगळे सोपे जाते.

नोंदणीची खिडकी सकाळच्या सत्रातच चालते. आठच्या आधी रांगेत असणे बरे. केसपेपर दहा रुपयांच्या आसपास मिळतो, सुटे पैसे जवळ ठेवा. खिडकीवर नाव, वय, पत्ता आणि कोणत्या विभागात जायचे हे सांगावे लागते. नाव आधार कार्डावर जसे आहे तसेच सांगा. केसपेपरवर "सुनिता पवार" आणि आधारवर "सुनीता रमेश पवार" असेल, तर पुढे सरकारी योजनेची मंजुरी घेताना हाच फरक अडवतो. आभा क्रमांक (केंद्र सरकारचा डिजिटल आरोग्य क्रमांक) काढलेला असेल आणि खिडकीजवळ क्यूआर कोडचा फलक असेल, तर मोबाइलने स्कॅन करून टोकन मिळते आणि मोठ्या रांगेतून सुटका होते. ज्येष्ठ नागरिक, गरोदर बाई आणि दिव्यांग यांची रांग वेगळी आहे का, हे आधी सुरक्षारक्षकाला विचारा.

डॉक्टरसमोर वेळ थोडा मिळतो. एका ओपीडीत शंभर-दीडशे रुग्ण असतात, म्हणून बोलणे आधी ठरवून जा. काय होते, कधीपासून, काय घेतल्याने कमी-जास्त होते, आधीचे आजार, चालू गोळ्या. गोळ्यांची नावे आठवत नसतील तर रिकाम्या पट्ट्याच पिशवीत टाका. "ती पांढरी गोळी" यावरून डॉक्टर काहीच ठरवू शकत नाहीत. उठण्याआधी विचारा: कोणती तपासणी कुठे करायची, अहवाल कधी आणि कुठे मिळेल, पुन्हा कधी यायचे.

रक्त आणि लघवीची तपासणी बहुधा त्याच दिवशी होते. उपाशीपोटी लागते का ते आधी विचारा, नाहीतर चहा पिऊन आलेल्याला परत पाठवतात. सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि एमआरआयला तारीख मिळते, आणि ती कधीकधी काही आठवड्यांनंतरची असते. तारीख लांबची मिळाली आणि आजार वाढत असेल, तर बाहेर हजारो रुपये भरण्याआधी आपल्या युनिटच्या डॉक्टरांकडे परत जा. त्यांनी फॉर्मवर "तातडीचे" असे लिहून सही केली तर रेडिओलॉजी विभाग तारीख अलीकडे घेऊ शकतो. दुसऱ्या एखाद्या पालिका रुग्णालयात ती तपासणी लवकर होते का, हेही तिथेच विचारता येते.

औषधाच्या खिडकीवर एखादे औषध "नाही" म्हणून सांगतात. बाहेरून चिठ्ठीवर औषध आणायला लावू नये, हे पालिकेचे जाहीर धोरण आहे. त्याला 'झिरो प्रिस्क्रिप्शन' म्हणतात. प्रत्यक्षात तुटवडा असतो. अशा वेळी चिठ्ठी घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि खिडकीवर उपलब्ध असलेले त्याच गुणाचे दुसरे औषध लिहून देता येईल का ते विचारा. बरेचदा येते. नाहीच आले तर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात जा. कंपनीच्या नावाने मागाल तर किंमत कितीतरी जास्त पडते.

कागदांची पिशवी

केसपेपर हरवला की आजाराचा इतिहास हरवतो. एक प्लास्टिकची फाइल घ्या. त्यात सर्वात वर ताजा केसपेपर, मग डिस्चार्ज कार्ड, मग तारखेप्रमाणे लावलेले अहवाल, आणि शेवटी आधार व रेशनकार्डाच्या तीन-तीन प्रती. एक्स-रे आणि सीटीच्या फिल्म घडी घालून ठेवू नका. चरा पडला की त्या जागी काय आहे ते दिसत नाही. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवरही पाठवा. पावसाळ्यात पिशवी भिजून शाईचे लिखाण पुसले जाते, आणि फोटो नसेल तर सगळ्या तपासण्या पहिल्यापासून.

रात्री-अपरात्री

तातडीच्या वेळी ओपीडी विसरा, थेट कॅज्युअल्टीत जा. ती चोवीस तास उघडी असते. रुग्णवाहिकेसाठी १०८. ती यायला वेळ लागणार असेल आणि रुग्ण बसू शकत असेल तर टॅक्सी-रिक्षाने निघा. अपघात, मारहाण, भाजणे, विषबाधा यांत पोलिसांची नोंद होते, पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे की आधी जीव, मग कागद.

तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची चिन्हे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. म्हणून रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा आणि सीटीची सोय असलेले रुग्णालय गाठा. घराजवळच्या लहान नर्सिंग होममध्ये सलाइन लावून बसलेले दोन तास पुन्हा मिळत नाहीत.

उपनगरीय रुग्णालयातून "इथे व्हेंटिलेटर नाही, सायनला न्या" असे सांगितले जाते तेव्हा घाईने निघण्याचा मोह होतो. निघू नका. आधी इथल्या डॉक्टरांना तिथे फोन करायला सांगा, खाट आहे हे पक्के करा, तिथल्या ज्या डॉक्टरांशी बोलणे झाले त्यांचे नाव चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ऑक्सिजन असलेली रुग्णवाहिका मागा. हे न केल्यामुळे रुग्ण एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहतो, आणि वाटेत त्याची तब्येत आणखी ढासळते. आयसीयूच्या खाटांची टंचाई हे या व्यवस्थेचे सर्वात मोठे दुखणे आहे. ते रुग्णाच्या हातात नाही, पण तो फोन करून घेणे त्याच्या माणसांच्या हातात आहे.

दाखल झाल्यावर

ताट, पेला, पाण्याची बाटली, साबण, चादर, टॉवेल आणि मोबाइलचा चार्जर बरोबर ठेवा. जेवण रुग्णाला मिळते, नातेवाइकाला नाही. पथ्य असेल तर सिस्टरला पहिल्याच दिवशी सांगा. सोबत एकच माणूस राहू शकतो, त्याचा पास वॉर्डमधून घ्यावा लागतो. बाईच्या वॉर्डात रात्री बाईच. इतरांसाठी भेटीची वेळ बहुधा संध्याकाळी चार ते सहा.

डॉक्टरांचा राऊंड सकाळी होतो. सोबतचा माणूस त्या वेळी खाटेजवळ असलाच पाहिजे, कारण पुढच्या चोवीस तासांचे सगळे निर्णय तिथेच होतात. दिवसभर धावपळ करणारे तरुण निवासी डॉक्टर छत्तीस तास जागे असू शकतात. त्यांना एकेका नातेवाइकाने वेगवेगळे विचारण्यापेक्षा घरातल्या एकाने सगळे प्रश्न लिहून राऊंडच्या वेळी विचारावेत. उत्तर नीट मिळते.

स्ट्रेचर ढकलायला किंवा ड्रेसिंगला न्यायला मामा-मावशींना (वॉर्डबॉय आणि आयांना) पैसे द्यावे लागत नाहीत. कुणी मागितले तर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरला सांगा. पैसे दिले की पुढच्या खाटेवरच्या गरिबाकडेही मागितले जातात.

कंटाळून किंवा घाबरून "आमच्या जबाबदारीवर नेतो" अशी सही करून रुग्णाला घरी नेऊ नका. योजनेखालची मंजुरी त्यामुळे अडकते आणि परत आल्यावर सगळे पहिल्यापासून करावे लागते. डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर जागेवरच वाचा: निदान, झालेली शस्त्रक्रिया, गोळ्यांचे दिवस, टाके काढायची तारीख, ओपीडीचा वार. समजले नाही तर तिथेच विचारा.

पैसे कुठे लागतात आणि ते कसे वाचतात

केसपेपर, साध्या तपासण्या आणि वॉर्डातली खाट यांचा खर्च नगण्य आहे. मोठा खर्च येतो तो शरीरात बसवायच्या वस्तूंचा: हाडातला रॉड आणि स्क्रू, हृदयातला स्टेंट, बदललेला सांधा. इथे राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना कामाला येते. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती सर्व रेशनकार्डधारकांसाठी खुली झाली, पांढरे कार्ड असले तरी. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्न न पाहता केंद्राच्या आयुष्मान योजनेचे वयवंदना कार्ड मिळते, त्यासाठी आधार पुरते.

मुद्दा एकच, आणि तो जीव तोडून सांगावा असा आहे: दाखल झाल्या दिवशीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा. त्याचे टेबल बहुधा तळमजल्यावर, नोंदणीजवळ असते. रेशनकार्ड आणि आधार दाखवा, नोंद करून घ्या. शस्त्रक्रियेआधी ऑनलाइन मंजुरी लागते. वस्तू बाहेरून विकत आणून शस्त्रक्रिया उरकली आणि नंतर कुणी सांगितले म्हणून योजनेच्या टेबलावर गेलात, तर खर्च केलेले पैसे परत मिळत नाहीत. रेशनकार्डात रुग्णाचे नाव नसेल (नवी सून, नुकतेच जन्मलेले मूल), तर हे आरोग्यमित्राला लगेच सांगा. कोणता पर्यायी कागद चालेल ते तो सांगतो. योजनेचे टोल फ्री क्रमांक १५५३८८ आणि १८००२३३२२००.

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. तिथले समाजसेवक धर्मादाय संस्थांकडे अर्ज करून देतात आणि मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही भरून घेतात. या खोलीत जायला लाजू नका, ती त्यासाठीच आहे.

पालिकेत खाट नसेल आणि खासगी रुग्णालयाशिवाय इलाज नसेल, तर ते धर्मादाय न्यासाचे आहे का ते पहा. मुंबईतली अनेक मोठी रुग्णालये तशी आहेत. सार्वजनिक न्यासांच्या राज्य कायद्यातल्या कलम ४१ कक प्रमाणे त्यांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर निम्म्या दरात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो आजारी पडल्यावर काढायला धावण्यापेक्षा आधीच काढून ठेवा. अशा रुग्णालयाने तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी दारात अडवायचे नसते.

पावसाळ्यातला ताप

दवाखान्यात आणि हेल्थ पोस्टमध्ये मलेरियाचे रक्त मोफत तपासतात. ताप आल्या दिवशीच जा. व्हायवॅक्स मलेरिया निघाला तर क्लोरोक्विन तीन दिवसांत संपते, पण प्रायमाक्विनची गोळी चौदा दिवस घ्यायची असते. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, लोक गोळ्या सोडतात, आणि यकृतात लपलेले जंतू महिना-दोन महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. गरोदर बाईला प्रायमाक्विन देत नाहीत, म्हणून दिवस गेले असतील तर डॉक्टरांना सांगा.

तुंबलेल्या पाण्यातून चालून आलात तर लेप्टोसाठी (उंदरांच्या लघवीतून पाण्यात पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) बहात्तर तासांच्या आत दवाखान्यात जा. एकदाच चाललात आणि पायाला जखम नसेल, तर प्रौढाला डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम एकदा. जखम असेल तर रोज एकदा, तीन दिवस. रोज पाण्यातच काम करणाऱ्यांना आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांना हे औषध चालत नाही, त्यांना वेगळे देतात. म्हणून केमिस्टकडून परस्पर घेऊ नका.

कुत्रा चावला तर

आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही लावू नका. मग त्याच दिवशी लस. कातडीत देतात ती लस शून्याव्या (पहिला डोस घेतला तो दिवस), तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायची; सिस्टरकडून चारही तारखा केसपेपरवर लिहून घ्या. कातडी फाटून रक्त आले असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. ते प्रत्येक दवाखान्यात नसते, मोठ्या रुग्णालयात पाठवतात. लस मिळाली म्हणून तिकडे जाणे टाळू नका. लस काम करू लागेपर्यंतचे संरक्षण यानेच मिळते. आणि चौथा डोस चुकवू नका. कुत्रा नंतर धडधाकट दिसला तरी किती डोस घ्यायचे हे डॉक्टरांना ठरवू द्या.

दोन आठवड्यांचा खोकला

खोकला दोन आठवडे टिकला, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरते, तर बेडका तपासायला द्या. पहाटेचा, खोल खोकून काढलेला बेडका हवा, नुसती थुंकी नको. थुंकी दिली तर रोग असूनही अहवाल कोरा येतो. क्षयरोग निघाला तर निक्षय (सरकारची क्षयरुग्णांची ऑनलाइन नोंद) क्रमांक मिळतो, औषधे मोफत, आणि पोषणासाठी दरमहा १००० रुपये बँक खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ पासूनची रक्कम). ते न येण्याचे सर्वात नेहमीचे कारण म्हणजे खाते आधारशी जोडलेले नसणे. साधा क्षयरोग सहा महिन्यांत बरा होतो. दुसऱ्या महिन्यात बरे वाटते आणि माणूस गावी जातो, तिथे गोळ्या थांबतात, आणि परततो तो औषधाला न जुमानणारा क्षय घेऊन. गावी जायचे असेल तर जाण्याआधी हेल्थ पोस्टला सांगा. निक्षयवरून नोंद गावाजवळच्या केंद्रात वळवता येते, गोळ्या तिथे मिळतात.

बाळंतपण

पाळी चुकली की पहिल्या बारा आठवड्यांत हेल्थ पोस्ट किंवा प्रसूतिगृहात नाव नोंदवा. माता-बाल संरक्षण कार्ड मिळते. किमान चार तपासण्या, टीडीची (धनुर्वात आणि घटसर्पाची) लस, लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची खास तपासणी होते. सरकारी आणि पालिका रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, रक्त, औषधे आणि बाळाचे पहिल्या वर्षातले उपचार मोफत आहेत. पहिल्या मुलासाठी मातृवंदना योजनेत दोन हप्त्यांत ५००० रुपये मिळतात, दुसरे मूल मुलगी असेल तर ६०००. नोंद उशिरा केली की पहिला हप्ता अडतो.

प्रसूतिगृहात नाव घातले आणि रक्तदाब वाढला किंवा बाळ आडवे असले, तर शेवटच्या महिन्यात मोठ्या रुग्णालयात पाठवतात. म्हणून सातव्या महिन्यातच विचारून ठेवा: अडचण आली तर कुठे जायचे? तिथे एकदा जाऊन नाव घाला. कळा सुरू झाल्यावर अनोळखी रुग्णालयात, कागदांशिवाय पोहोचणे धोक्याचे. बाळ दिवसांआधी जन्मले आणि आईला दूध नसेल, तर सायनला मातृदुग्धपेढी आहे. १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झालेली ही आशियातली पहिली पेढी. डब्याचे दूध आणण्याआधी सिस्टरला तिच्याबद्दल विचारा.

रक्तदाब आणि साखर

तिशीनंतर वर्षातून एकदा दवाखान्यात दोन्ही मोजून घ्या, फुकट आहे. १४०/९० च्या वर दोन वेगवेगळ्या दिवशी आला किंवा उपाशीपोटी साखर १२६ च्या वर निघाली की औषध सुरू करतात. गोळ्या दर महिन्याला दवाखान्यातूनच मिळतात. संपायच्या चार-पाच दिवस आधी जा. साठा नसला तर शोधायला वेळ राहतो. चक्कर येत नाही म्हणून गोळी बंद करणाऱ्यांपैकी कितीतरी जण पक्षाघाताने किंवा मूत्रपिंडे निकामी होऊन मोठ्या रुग्णालयात परत दिसतात.

अडवले तर

उपचार नाकारले, पैसे मागितले किंवा कुणी दाद दिली नाही, तर आवाज चढवण्याआधी नाव, वेळ आणि ठिकाण लिहून घ्या. दवाखान्याची तक्रार विभाग कार्यालयातल्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे करा, उपनगरीय रुग्णालयाची वैद्यकीय अधीक्षकांकडे, केईएमसारख्या रुग्णालयाची अधिष्ठात्यांकडे. तक्रार लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तातडीचे असेल तर पालिकेचा १९१६ क्रमांक चोवीस तास चालतो, तक्रार नोंदवली की तिचा क्रमांक मागा. उत्तर आले नाही तर त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन माहितीच्या अधिकारात अर्ज करा: तक्रारीवर काय कारवाई झाली, कुणी केली, कोणत्या तारखेला. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते.